जोडीदाराचा फोन तपासायला शिकवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
‘जोडीदाराच्या फोनमधली लपवलेली अ‍ॅप्स कशी शोधाल’ अशा धर्तीचे लेख लिहिणारे, ते छापणारे आणि त्यांचे व्हिडिओ करणारे सर्वजण,

सस्नेह नमस्कार.

मी जोडप्यांच्या समुपदेशनाचे काम करते. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या अनेकांनी त्याआधी तुम्हाला वाचलेले असते. त्यांच्या बोलण्यातून ते लगेच कळते. ‘ती फोन पालथा ठेवते.’ ‘त्याने पासकोड बदलला.’ ‘बॅटरी लवकर उतरते.’ ‘मी खोलीत आलो की स्क्रीन बंद होते.’ शब्द तेच आणि बहुतेक वेळा क्रमही तोच. तुमच्या याद्या लोकांना पाठ झाल्या आहेत, म्हणून हे पत्र थेट तुम्हालाच लिहिते आहे.

तुमच्या हेतूवर मी शंका घेत नाही. फसवले गेलेले माणूस एकटे असते. घरात ज्याच्याशी बोलायचे त्याच्याबद्दलच शंका, आणि बाहेर बोलावे तर अब्रूचा प्रश्न. अशा माणसाला रात्री दोन वाजता काहीतरी हाताशी लागते ते तुमचे लिखाण. त्याला वाटते, कोणीतरी माझी बाजू घेतली. ही गरज खरी आहे आणि तिची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की त्या रात्री तुम्ही त्याच्या हातात जे देता, त्याने त्याची अवस्था आणखी बिकट होते. हे मी वारंवार पाहिले आहे.

आधी त्या खुणांबद्दल बोलू. फोन पालथा ठेवणे, पासकोड बदलणे, फोन न्हाणीघरात नेणे, स्क्रीनकडे पाहून हसणे. यातली एकही खूण अशी नाही की जिची पाच निरुपद्रवी कारणे सांगता येणार नाहीत. नोकरी शोधणारा माणूस फोन पालथा ठेवतो. आजाराची तपासणी करून निकालाची वाट पाहणारा, घरच्यांना घोर लागू नये म्हणून, पासकोड बदलतो. भावाने उसने मागितलेले पैसे, मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट, कामावरची मानहानी, हे सगळे हल्ली फोनमध्येच असते. बॅटरी तर जुनी झाली की उतरतेच. तुमची यादी वाचून ‘हुश्श, आमच्याकडे असे काही नाही’ म्हणून झोपी गेलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. कारण ती यादी कोणालाही लागू पडते, आणि घाबरलेल्या माणसाला तर ती शब्दन्‌शब्द लागू पडते.

त्याहून मोठी अडचण पुढे आहे. शोधल्यावर काही सापडले तर तो पुरावा. काहीच सापडले नाही तर तुम्ही पुढच्याच परिच्छेदात सांगता, ‘हुशार माणसे मागमूस ठेवत नाहीत.’ म्हणजे जोडीदार निर्दोष ठरेल असा एकही मार्ग तुमच्या लेखात उरत नाही. ज्या तपासणीचा निकाल फक्त एकाच बाजूने लागू शकतो, तिला तपासणी कसे म्हणायचे? वाचक मात्र तीच पुन्हा पुन्हा करत राहतो. ‘लास्ट सीन’ पाहणे, निळ्या खुणा मोजणे, मध्यरात्री उशीजवळचा फोन हलकेच उचलणे. २००९ मध्ये एमी म्यूस आणि तिच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. फेसबुकवर जितका जास्त वेळ, तितका जोडीदाराबद्दलचा मत्सर जास्त, असा संबंध त्यांना त्यात दिसला. जोडीदाराविषयी अर्धीमुर्धी माहिती डोळ्यांसमोर येते, तिने जळफळाट होतो, तो शमवायला आणखी पाहिले जाते आणि पुन्हा नवे अर्धेमुर्धे काहीतरी दिसते, असे चक्र यामागे असावे, ही त्यांची मांडणी. तेव्हा हा प्रश्न एका संकेतस्थळापुरता होता. आज संपूर्ण फोनच तसा झाला आहे.

काही थोड्या लोकांमध्ये संशय हाच आजार असतो. मानसोपचारात त्याला भ्रमाचा विकार मानतात. जोडीदार बेइमान आहे हा समज इतका घट्ट असतो की कोणताही पुरावा त्याला हलवू शकत नाही. अशा माणसाला औषधोपचाराची गरज असते, आणि तुमची यादी त्याच्या भ्रमाला रोज नवे खाद्य पुरवते. त्याच्यासोबत राहणाऱ्या माणसाचे काय होत असेल याचा विचार करा.

आता लपवलेल्या अ‍ॅप्सकडे येते. तुमच्या लेखांत निरनिराळ्या गोष्टी एकाच माळेत ओवलेल्या असतात. कॅल्क्युलेटरचे सोंग घेतलेली अ‍ॅप्स असतात. त्यांत आकडेमोड होते, पण ठरावीक आकडे टाकून बरोबरचे चिन्ह दाबले की फोटोंचा कप्पा उघडतो. तुम्हाला सगळ्यात आवडतात ती हीच, कारण ती सांगायला सनसनाटी आहेत. पण आता लपवण्याची सोय फोन बनवणारेच देतात. सॅमसंगच्या फोनमध्ये सिक्युअर फोल्डर हा कुलूपबंद कप्पा कितीतरी वर्षांपासून आहे. व्हॉट्सअ‍ॅपने मे २०२३ मध्ये एखादा संवाद कुलूपबंद करण्याची सोय आणली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला गुप्त संकेतशब्दाची जोड दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या आयओएस १८ मध्ये अ‍ॅप लपवता येते आणि ते चेहरा, बोटाचा ठसा किंवा पासकोड यांपैकी काहीतरी दिल्याशिवाय उघडत नाही. अँड्रॉइड १५ मध्ये ‘प्रायव्हेट स्पेस’ नावाची स्वतंत्र जागाच आहे. कोट्यवधी फोनमध्ये जे जन्मतःच आहे, ते ‘तुमच्या जोडीदाराच्या फोनमध्ये आहे का, आजच पाहा’ असे लिहिण्याला काय अर्थ उरतो?

त्या कप्प्यांत असते तरी काय? प्रेमप्रकरण असते, कधीकधी. नाही म्हणणार नाही. पण माझ्यासमोर आलेल्या जोडप्यांत कप्पा उघडल्यावर जे बाहेर पडले, त्यात कर्ज देणारी अ‍ॅप्स होती, जुगाराची होती, व्यसन सोडण्यासाठी दिवस मोजणारे अ‍ॅप होते, मानसोपचारतज्ज्ञाशी झालेले बोलणे होते. एकदा तर फक्त कविता होत्या, आणि ज्याने त्या लपवल्या होत्या तो त्या उघड झाल्यावर इतका शरमला की बराच काळ धड बोलला नाही. कर्ज आणि जुगार या गंभीर गोष्टी आहेत, जोडीदाराला त्या कळायलाच हव्यात. पण तुमच्या लेखाने वाचकाला आधीच सांगून ठेवलेले असते की तिसरी व्यक्ती शोधा. तो तिसरी व्यक्तीच शोधतो. समोर कर्जाच्या वसुलीचे संदेश दिसत असतात, तरी त्यात त्याला वसुली करणाऱ्या बाईचे नाव आधी दिसते.

आणि आणखी एक वाचक आहे. त्याच्याबद्दल तुम्ही बहुधा विचारच केलेला नाही. तुमचा लेख फक्त फसवला गेलेला माणूस वाचत नाही. जो आपल्या बायकोला कोणाशी बोलायचे, किती वाजता परतायचे, काय घालायचे हे सांगतो, आणि तिने ऐकले नाही तर हात उचलतो, तोही वाचतो. त्याच्या मनातला प्रश्नही हुबेहूब तोच असतो: ‘ही माझ्यापासून काय लपवते?’ ती लपवत असते बहिणीला पाठवलेले संदेश, जखमांचे फोटो, मदत करणाऱ्या संस्थेचा नंबर, घर सोडण्यासाठी बाजूला टाकत असलेल्या पैशांचा हिशेब. अशा घरात तो कुलूपबंद कप्पा हीच तिची एकमेव स्वतःची जागा असते. तुमच्या लेखातली सातवी युक्ती वापरून तो ती उघडतो. पुरुषांच्या बाबतीतही असे घडते, तेही मी पाहिले आहे. तुम्ही लिहिता तेव्हा यातला कोण वाचतो आहे हे तुम्हाला कळत नाही. कळणे शक्यही नाही. मग जी गोष्ट दोघांच्याही हाती सारखीच पडणार आहे, ती लिहिताना त्यातल्या दुबळ्याचा विचार आधी व्हायला नको का?

इथवर फोन हातात घेऊन पाहण्याची गोष्ट झाली. माझी खरी तक्रार तुमच्या लेखांच्या उत्तरार्धाबद्दल आहे. ‘तरीही खात्री पटत नसेल तर’ असे म्हणून तुम्ही एखाद्या पाळत ठेवणाऱ्या अ‍ॅपची ओळख करून देता. खाली विकत घेण्याचा दुवा असतो आणि पुष्कळदा त्या विक्रीतला वाटा तुम्हाला मिळतो. लेखाचा पूर्वार्ध भीती वाढवतो आणि उत्तरार्ध तिच्यावरचा उतारा विकतो. वाचकाला हे दिसत नाही. तुम्हाला मात्र दिसत असणारच.

ही अ‍ॅप्स काय करतात ते तुम्ही ‘संदेश, कॉल आणि लोकेशन पाहा’ अशा एका ओळीत उरकता. ते नीट सांगते. अँड्रॉइडवर असे अ‍ॅप बसवायचे तर समोरच्याचा फोन काही मिनिटे हातात आणि पासकोड ठाऊक असावा लागतो. ते अधिकृत दुकानाबाहेरून उतरवायचे असते, म्हणून आधी प्ले प्रोटेक्ट हे गुगलचे संरक्षण बंद करायला सांगतात. मग दिव्यांगांच्या सोयीसाठी असलेली अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी द्यायची. तिच्यामुळे स्क्रीनवर दिसणारे सगळे त्या अ‍ॅपला वाचता येते. नोटिफिकेशनची परवानगी द्यायची. शेवटी चिन्ह गायब होते आणि अ‍ॅप ‘सिस्टिम सर्व्हिस’सारख्या एखाद्या नावाने यादीत दडून बसते. आयफोनवर बहुतेक वेळा अ‍ॅप बसवतच नाहीत. जोडीदाराच्या खात्याचा पासवर्ड वापरून आयक्लाउड या अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठ्यातली फोनची प्रतच वाचतात. दोन्हीकडे परिणाम एकच. एका माणसाचे बोलणे, फोटो, ठावठिकाणा, डॉक्टरांशी झालेला संवाद, सगळे कुठल्यातरी अनोळखी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन पडते.

तिथे ते सुरक्षित राहते का? या धंद्याचा इतिहास फारच वाईट आहे. जून २०२३ मध्ये लेटमीस्पाय हे पोलंडमधले अ‍ॅप फोडले गेले आणि पाळतीखाली असलेल्यांचे संदेश, कॉल आणि ठिकाणे चोरांच्या हाती गेली. काही आठवड्यांत ते बंद झाले. मे २०२४ मध्ये पीसीटॅटलटेलची तीच गत झाली. ते तर समोरच्याच्या स्क्रीनची चित्रे टिपून पाठवत असे. एमस्पाय या नावाजलेल्या अ‍ॅपची माहिती एकापेक्षा जास्त वेळा फुटली आहे. २०२४ मध्ये जे बाहेर आले त्यात ग्राहकसेवेला लिहिलेले लाखो संदेश होते, म्हणजे ज्यांनी चोरून पाळत ठेवली त्यांचीच नावे आणि ईमेल. तुमच्या सल्ल्याने ज्याने अ‍ॅप घेतले, त्याच्या संसारातले सगळ्यात खासगी क्षण आणि त्याची स्वतःची चोरी असे दोन्ही एकदम उघड्यावर येऊ शकते. यातले काही तुमच्या लेखांत वाचल्याचे मला आठवत नाही.

कायद्याबद्दलही तुम्ही गप्प असता, किंवा शेवटी बारीक अक्षरांत ‘स्थानिक कायदा पाहा’ म्हणता. अमेरिकेत २०१४ मध्ये स्टेल्थजिनी हे अ‍ॅप विकणाऱ्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्याला ५ लाख डॉलर दंड झाला. फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये अशीच अ‍ॅप्स विकणाऱ्या रेटिना-एक्स कंपनीवर कारवाई केली. सप्टेंबर २०२१ मध्ये तिने स्पायफोन या पाळतीच्या अ‍ॅपच्या कंपनीला आणि तिच्या प्रमुखाला पाळतीच्या धंद्यातूनच बाहेर काढले, जमवलेली माहिती पुसायला लावली आणि ज्यांच्या फोनवर पाळत होती त्यांना तसे कळवण्याचा आदेश दिला. ऑगस्ट २०२० पासून गुगलने, परवानगीशिवाय जोडीदारावर पाळत ठेवण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या जाहिराती नाकारण्याचे धोरण आणले. जे जाहिरात म्हणून चालत नाही, ते तुमच्या लेखात सल्ला म्हणून चालते.

त्या धोरणात पालकांनी लहान मुलांसाठी वापरायच्या अ‍ॅप्सना सूट आहे. ती असायलाही हरकत नाही. पण त्या सवलतीच्या आडून काय चालते ते पाहा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल टेक आणि इतर संस्थांच्या संशोधकांनी, घरातल्या माणसावर पाळत ठेवायला कोणती अ‍ॅप्स वापरता येतात याचा शोध घेतला. उघड हेरगिरीची अ‍ॅप्स थोडी होती. बहुतेक होती ती मुलांची सुरक्षा, हरवलेला फोन शोधणे अशा चांगल्या कामासाठीची, पण सहज उलटी वापरता येणारी. संशोधकांनी काही कंपन्यांना ग्राहक म्हणून विचारले की नवऱ्याला कळेल का. ज्यांनी उत्तर दिले त्यांतल्या बहुतेकांनी कळणार नाही असा निर्वाळा दिला. आणि त्याच अभ्यासात त्यांना हे अ‍ॅप कसे वापरायचे ते समजावून सांगणारे लेखही सापडले. तुमच्यासारख्यांनी लिहिलेले.

समजा, अ‍ॅप बसवले. पुढे काय होते ते सांगते, कारण तुमचा लेख तिथे संपतो आणि माझे काम तिथून सुरू होते.

चोरून वाचणाऱ्याला काहीतरी कळते. पण ते कसे कळले हे सांगता येत नाही. मग तो सापळे लावू लागतो. उत्तर आधीच ठाऊक असलेले प्रश्न विचारतो. ‘दुपारी कुठे होतीस?’ ती म्हणते, ‘कामावरच.’ लोकेशनमध्ये ती तासभर दुसरीकडे असते. ती खोटे बोलली हे त्याला कळले. ती दंतवैद्याकडे गेली होती आणि खर्चावरून वाद नको म्हणून बोलली नाही, हे मात्र कळले नाही. तो आता आणखी बारकाईने पाहतो. तिला जाणवते की प्रत्येक प्रश्नामागे काहीतरी दडलेले आहे, म्हणून ती जपून बोलू लागते, साध्या गोष्टीही सांगायच्या टाळते. हे जपून बोलणे त्याला नवा पुरावा वाटते. आधी या घरात कदाचित एक लपवलेली गोष्ट होती, कदाचित एकही नव्हती. आता एक नक्की आहे, आणि ती त्याची आहे.

एखादे वाक्य संदर्भाविना वाचले की काय होते, हेही मी जवळून पाहिले आहे. ‘तुझ्याशिवाय मला हे जमलेच नसते’ हे वाक्य कोणी कोणाला लिहिले, कधी, कशानंतर? आवाज नाही, चेहरा नाही, मागचेपुढचे काही नाही. स्क्रीनशॉटमध्ये उरतात ते फक्त शब्द, आणि संशयी मन त्यांना हवा तो आवाज देते.

शिवाय ज्यांनी काहीच केलेले नाही अशी कितीतरी माणसे त्या फोनमध्ये असतात. गर्भपातातून जात असलेली मैत्रीण, घटस्फोटाचा विचार करणारा भाऊ, आईचे दुखणे. त्यांनी आपले मन एका माणसापाशी मोकळे केले होते. ते कोणी दुसरेच वाचते आहे हे त्यांना कधी कळणारही नाही. जोडप्याचा आपसातला मामला म्हणून तुम्ही हे लिहिता. तो दोघांपुरता कधीच नसतो.

यावर तुमचा प्रतिप्रश्न मला ठाऊक आहे, आणि तो रास्त आहे: संशय खरा असेल तर? असतो. अनेकदा असतो. माणसाच्या आत काहीतरी खुपत राहते आणि महिनोन्‌महिने त्याला ‘तुझे डोके फिरले आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा आपली शंका वेडेपणाची नव्हती इतके सिद्ध करणे ही त्याला जगण्या-मरण्याची गोष्ट वाटते. मी अशा माणसाला ‘विश्वास ठेव’ असे कधीच सांगत नाही. मोडलेल्या विश्वासावर विश्वास ठेवायला सांगणे हा दुसरा अन्याय झाला.

मी विचारते, तुला नक्की काय कळायला हवे आहे, आणि ते कळल्यावर तू काय करणार आहेस? बहुतेकांना दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुचत नाही. काही बायका मग हळू आवाजात सांगतात की सापडले नाही तरी मला याच्यासोबत राहायचे नाही, मला फक्त जायला कारण हवे आहे. काही पुरुष सांगतात की सापडले तरी मी सोडणार नाही. दोघांचाही प्रश्न फोनमध्ये नव्हता. आणि ज्यांना खरोखर काही माहीत करून घ्यायचे असते, त्यांच्यासाठी सरळ वाटा आहेत. आजाराची भीती असेल तर स्वतःची तपासणी करून घ्यावी, त्यासाठी जोडीदाराच्या कबुलीची गरज नाही. पैशांची शंका असेल तर दोघांच्या नावावरच्या खात्याचा उतारा मागायचा पूर्ण अधिकार आहे. वेगळे व्हायचा विचार असेल तर आधी वकिलाला भेटावे. चोरून मिळवलेल्या पुराव्याने आपलेच प्रकरण कसे अडचणीत येऊ शकते हे तो सांगेल.

आणि बोलावे. हे वाक्य तुमच्या लेखांतही असते, शेवटच्या ओळीत, केवळ औपचारिकता म्हणून. पण कसे बोलावे ते कोणी सांगत नाही. ‘फोन दाखव’ ही सुरुवात फार वाईट. त्याने समोरचा एकतर दाखवतो आणि अपमान गिळतो, किंवा दाखवत नाही आणि दोषी ठरतो. त्याऐवजी जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे. ‘गेले दोन महिने तू रात्री दुसऱ्या खोलीत जाऊन बोलतोस. मी विचारले की चिडतोस. मला झोप लागत नाही. मला भीती वाटते की आपल्यात कोणीतरी आले आहे. तसे असेल तर मला तुझ्या तोंडून ऐकायचे आहे.’ यात आरोप नाही, पुरावा नाही, सुटायला पळवाटही फारशी नाही. उत्तर लगेच मिळत नाही. समोरचा कदाचित खोटेच बोलेल. पण असा प्रश्न सरळ विचारल्यावर माणूस काय करतो, चिडतो, टाळतो, जवळ येतो की रडतो, यातून जे समजते ते कोणत्याही अ‍ॅपने समजत नाही. एकटीने किंवा एकट्याने विचारायची भीती वाटत असेल तर तिसऱ्या जाणत्या माणसासमोर विचारावे. आणि भीती मारहाणीची असेल तर मुळीच विचारू नये, आधी सुरक्षित व्हावे.

एका गोष्टीबद्दल गैरसमज नको. फसवणूक उघड झाल्यानंतर एकत्र राहायचे ठरवलेली काही जोडपी काही काळ एकमेकांना फोन खुला ठेवतात. त्याला माझा विरोध नाही. ज्याने विश्वास मोडला त्याने स्वतःहून दार उघडे ठेवणे हा भरपाईचा भाग असू शकतो. पण ते दोघांना माहीत असते, दोघांनी ठरवलेले असते, किती दिवस ते ठरलेले असते आणि काय पाहायचे नाही हेही ठरलेले असते. ‘प्रेम असेल तर पासवर्ड दे’ असे म्हणून घेतलेला पासवर्ड यात बसत नाही. नाही म्हणायची मोकळीक नसेल तर त्या होकाराला काय किंमत?

तुमच्या लेखणीतून एक लेख मात्र मला खरोखर हवा आहे. ज्याच्या फोनवर कोणीतरी पाळत ठेवते आहे त्याच्यासाठी. तुम्ही ज्या खुणा शिकवता त्यापेक्षा त्याच्या खुणा वेगळ्या आहेत. जोडीदाराला अशा गोष्टी ठाऊक असतात ज्या फक्त फोनवर बोललेल्या किंवा लिहिलेल्या होत्या. न सांगता गेलेल्या ठिकाणी तो नेमका हजर होतो. अशा माणसाला तुम्ही सांगा की घाईने काही पुसू नका. अ‍ॅप काढले की पाळत ठेवणाऱ्याला ते कळते, आणि हिंसक माणसाच्या बाबतीत तीच वेळ सगळ्यात धोक्याची असते. आधी दुसऱ्या, सुरक्षित फोनवरून मदत शोधावी: विश्वासू मैत्रीण, मदत करणारी संस्था, पोलीस. पुरावा लागणार असेल तर काढण्याआधी नोंद करून ठेवावी. मग अँड्रॉइडवर प्ले प्रोटेक्ट चालू आहे का पाहावे, अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि नोटिफिकेशनची परवानगी कोणाकोणाला दिलेली आहे ती यादी वाचावी. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून अनोळखी संगणक जोडलेला नाही ना ते बघावे. आयफोनवर आयओएस १६ पासून ‘सेफ्टी चेक’ आहे, कोणाला काय दिसते ते तिथे एकत्र दिसते आणि तोडताही येते. खात्याचे पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून. बॅगेत किंवा गाडीत टाकलेल्या अनोळखी ट्रॅकरबद्दल, म्हणजे ठावठिकाणा कळवणाऱ्या छोट्या उपकरणाबद्दल, मे २०२४ पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही सूचना देतात, ती सूचना आली तर दुर्लक्ष करू नये.

हे सगळे लिहिणारे लोक जगात आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये संगणक-सुरक्षा कंपन्या आणि घरगुती हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांनी मिळून ‘कोअ‍ॅलिशन अगेन्स्ट स्टॉकरवेअर’ ही आघाडी उभी केली. स्टॉकरवेअर म्हणजे चोरून पाळत ठेवणारी अ‍ॅप्स. तिच्यातल्या कॅस्परस्की या एकाच कंपनीला २०२३ मध्ये तिच्या ग्राहकांपैकी ३१ हजारांहून अधिक जणांच्या फोनवर अशी अ‍ॅप्स आढळली. ज्यांच्या फोनमध्ये त्या कंपनीचे संरक्षण नाही, ते या आकड्यात आलेलेच नाहीत. पण या आघाडीचे लिखाण संशयाने पछाडलेल्या मराठी वाचकापर्यंत रात्री दोन वाजता पोहोचत नाही. तुमचे पोहोचते.

म्हणून माझ्या मागण्या अशा. पाळतीच्या अ‍ॅप्सचे दुवे तुमच्या जुन्या लेखांतून आणि व्हिडिओंखालून काढून टाका, कमिशन बुडाले तरी. लपवलेली अ‍ॅप्स शोधण्याच्या युक्त्या जिथे असतील तिथे वरच लिहा की असा कप्पा असणे हा कशाचाच पुरावा नाही, आणि अनेकांसाठी तो सुरक्षिततेचा कप्पा आहे. ‘हुशार माणसे मागमूस ठेवत नाहीत’ हे वाक्य कायमचे पुसा. आणि मी वर सांगितलेला तो लेख लिहा, त्याच ठिकाणी, तितक्याच ठळक मथळ्याने. तुमच्यापैकी कोणाला तो लिहिताना मदत हवी असेल तर मी आणि माझे काही सहकारी मजकूर वाचून द्यायला, चुका दाखवायला तयार आहोत. त्याबद्दल आम्हाला मानधन नको, नावही नको.

कळावे.

आपली,
एक समुपदेशक